तुम्ही विचारलंत म्हणून: हा पॅटरसन कोण?

भारतातून कुणी आलं की मी त्यांना न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावचा धबधबा दाखवायला नेते. पसेइक नदी तिथे 77 फूट खाली कोसळते आणि पावसाळ्यातल्या आंबोलीची आठवण होते. समोर पुतळा आहे अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याचा. तो बघितला की हमखास प्रश्न येतो, "पुतळा हॅमिल्टनचा, मग गाव पॅटरसन का? हा पॅटरसन कोण?" सासूबाईंनी विचारलं, भाच्याने विचारलं. गेल्या वर्षी माझा मावसभाऊ आला होता. तो वकिली करतो. मी दोन वाक्यांत सांगितलं, तर त्याने पुढचा प्रश्न टाकला, "ताई, आधी सिनेटर, मग गव्हर्नर, आणि मग थेट सुप्रीम कोर्टात? स्वतःच केलेल्या कायद्याचा निवाडा स्वतःच करायचा?" पाण्याच्या आवाजात ओरडून देता येईल असं ते उत्तर नाही. म्हणून इथे लिहिते.

विल्यम पॅटरसन 1745 साली आयर्लंडमधल्या अँट्रिम परगण्यात जन्मला आणि दोन वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला. वडिलांनी प्रिन्स्टनला दुकान थाटलं. त्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर कॉलेज होतं. पोरगा तिथून 1763 साली पदवीधर झाला आणि वकिली शिकला. क्रांतीच्या वर्षी, 1776 मध्ये, तो न्यू जर्सीचा अॅटर्नी जनरल झाला. पुढची सात वर्षं युद्धाच्या धामधुमीत त्याने राज्याचे खटले चालवले.

त्याचं नाव इतिहासात घेतलं जातं ते 1787 च्या फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेमुळे. मोठ्या राज्यांना लोकसंख्येप्रमाणे प्रतिनिधी हवे होते. 15 जूनला पॅटरसन उभा राहिला आणि त्याने छोट्या राज्यांच्या वतीने न्यू जर्सी योजना मांडली: सभागृह एकच, प्रत्येक राज्याला समान मत. चार दिवसांत योजना पडली. पण छोट्या राज्यांनी धरलेला हट्ट वाया गेला नाही. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला सारखंच वजन मिळालं, ते आजही आहे. त्या पडलेल्या योजनेतलं एक कलम फारसं कुणी सांगत नाही. संघराज्याचे कायदे आणि तह राज्यांवर बंधनकारक असतील, राज्यांच्या न्यायाधीशांनी ते पाळावेत, असं त्यात होतं. पुढे घटनेच्या सहाव्या अनुच्छेदात हेच सूत्र अधिक बळकट होऊन आलं. छोट्या राज्यांचा हा कैवारी देशाच्या कायद्याला राज्याच्या वर बसवणारं बीज पेरून गेला.

आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग. माझे वडील तालुक्याच्या दिवाणी कोर्टात नाझर होते. जुन्या दप्तरातला कागद हातात घेतला की नुसत्या अक्षरावरून तो कुठल्या कारकुनाने लिहिला ते सांगायचे. 1789 मध्ये पॅटरसन सिनेटर झाला आणि नव्या देशाची न्यायालयं उभी करणारा कायदा ज्या समितीने लिहिला तिच्यात बसला. समितीत पुढाकार होता कनेटिकटचा सिनेटर ऑलिव्हर एल्सवर्थ याचा. पण त्या विधेयकाच्या हस्तलिखितातली पहिली नऊ कलमं पॅटरसनच्या अक्षरात आहेत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वडील आठवले.

त्या नऊ कलमांत काय आहे? सुप्रीम कोर्टात सहा न्यायाधीश असतील. देशाचे तेरा जिल्हे असतील. त्यांच्या वर तीन सर्किट, म्हणजे दौऱ्याची न्यायालयं, असतील आणि त्यांच्यासाठी वेगळे न्यायाधीश नेमायचे नाहीत. सुप्रीम कोर्टाच्याच न्यायमूर्तींनी वर्षातून दोनदा घोडागाडीत बसून गावोगाव जायचं आणि खटले ऐकायचे. रस्ते खडबडीत, खानावळी कशाबशा, नद्यांवर पूल नाहीत. न्यायमूर्ती या दौऱ्यांना कंटाळले होते, तक्रारी करत होते. पॅटरसनने ही तरतूद आपल्या हाताने लिहिली होती, आणि चार वर्षांनी तिचा भार त्याच्याच अंगावर आला.

मधली दोन वर्षं तो न्यू जर्सीचा गव्हर्नर होता. 1791 मध्ये हॅमिल्टनच्या पुढाकाराने निघालेल्या कारखानदारी कंपनीच्या सनदेवर त्याने सही केली, म्हणून धबधब्याशेजारी वसवलेल्या गावाला त्याचं नाव मिळालं. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

मावसभावाच्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे. फेब्रुवारी 1793 मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने पॅटरसनचं नाव सुप्रीम कोर्टासाठी पाठवलं आणि लगेच दुसऱ्या दिवशी मागे घेतलं. घटनेत अट आहे, की सिनेटर ज्या मुदतीसाठी निवडून आला त्या मुदतीत निर्माण झालेल्या पदावर त्याला मुदत संपेपर्यंत नेमता येत नाही. पॅटरसनने सिनेट सोडून दोन वर्षं होऊन गेली होती, पण मूळ मुदत संपायला अजून काही दिवस बाकी होते आणि न्यायमूर्तींची पदं त्याच मुदतीतल्या, त्याच्याच हातच्या कायद्याने निर्माण झाली होती. मुदत संपली आणि 4 मार्चला नाव पुन्हा गेलं. किती छोटी गोष्ट, पण मला ती फार मोलाची वाटते. चार दिवसांनी काय बिघडतं, असं कुणीही म्हणू शकलं असतं.

न्यायाधीश झाल्यावर तो कायदेमंडळाच्या बाजूने बोलेल अशी अपेक्षा असेल, तर 1795 चा पेनसिल्व्हेनियातल्या जमिनीचा खटला बघावा. कायदेमंडळाने एकाची जमीन दुसऱ्याला देणारा कायदा केला होता. पॅटरसनने ज्यूरीला स्पष्ट सांगितलं, की कायदेमंडळ हे घटनेतून जन्मलेलं आहे, घटनेच्या विरुद्ध जाणारा कायदा कायदाच नव्हे. सुप्रीम कोर्टाने हे 1803 मध्ये मार्बरी खटल्यात सांगितलं, त्याच्या आठ वर्षं आधी. मार्बरीच्या पीठावर पॅटरसनही होता. तिथे रद्द झालं ते 1789 च्या त्याच कायद्याचं तेरावं कलम. ते त्याच्या अक्षरातल्या नऊ कलमांपैकी नव्हतं, पण विधेयक त्याच्या समितीचंच होतं. त्याने वेगळं मत लिहिलं नाही.

पण त्याच आठवड्यातला दुसरा निकाल मला मार्बरीपेक्षाही जास्त सांगून जातो. पॅटरसन फेडरॅलिस्ट, म्हणजे मजबूत केंद्र सरकार हवं असणाऱ्या पक्षाचा. 1801 मध्ये त्याच्या पक्षाने जाता जाता सोळा नवे सर्किट न्यायाधीश नेमले आणि सुप्रीम कोर्टाचे दौरे बंद केले. निवडणूक जिंकून आलेल्या जेफरसनच्या पक्षाने पुढच्या वर्षी तो कायदा रद्द केला. न्यायमूर्ती पुन्हा घोडागाडीत. स्टुअर्ट विरुद्ध लेयर्ड या खटल्यात ते कोर्टापुढे आलं. सरन्यायाधीश मार्शल बाजूला राहिला, कारण खालच्या कोर्टात निकाल त्यानेच दिला होता. 2 मार्च 1803 चा निकाल लिहिला पॅटरसनने. थोडक्यात आशय असा, की न्यायव्यवस्था सुरू झाल्यापासून हे दौरे चालत आले आहेत, सगळ्यांनी ते मान्य केले आहेत, आता तो प्रश्न उकरून काढायचा नाही. त्याच्या पक्षाला उलट निकाल हवा होता. त्याच्या देहालाही उलटाच निकाल सोयीचा होता, कारण वय सत्तावन्न होतं. दोन्ही बाजूला ठेवून त्याने स्वतःला पुन्हा रस्त्यावर पाठवलं. त्याच वर्षी दौऱ्यावर असताना त्याच्या गाडीला अपघात झाला. जखमा इतक्या होत्या की 1804 च्या सत्राला तो जाऊ शकला नाही.

या माणसाचं मला सगळंच पटतं असं मात्र नाही. ऑक्टोबर 1798 मध्ये व्हरमाँटमधल्या रटलंडला त्याच्यापुढे मॅथ्यू लायन उभा होता. हा निवडून आलेला काँग्रेस सदस्य, आणि गुन्हा कोणता, तर राष्ट्राध्यक्ष अॅडम्सवर केलेली टीका. राजद्रोहाचा नवा कायदा घटनेला धरून आहे का, हा तुमचा प्रश्न नाही, असं पॅटरसनने ज्यूरीला बजावलं. शिक्षा झाली चार महिने तुरुंग आणि 1,000 डॉलर दंड. लायन तुरुंगातूनच निवडणूक लढला आणि पुन्हा निवडून आला. तीन वर्षांपूर्वी घटना कायद्याच्या वर आहे असं सांगणारा न्यायाधीश हाच का, असं वाटून मला इथे दर वेळी थांबावं लागतं. त्या दिवशी पॅटरसन आपल्या पक्षाच्या आणि आपल्या राष्ट्राध्यक्षाच्या बाजूला झुकला. मावसभावाची शंका इथे खरी ठरते, आणि ती मी झाकत नाही.

आपल्याकडेही काशिनाथ त्र्यंबक तेलंग आधी मुंबईच्या कायदेकौन्सिलात होते आणि 1889 मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. त्यामुळे ही वाट आपल्याला अगदीच अनोळखी नाही. तिच्यावरून जाणाऱ्याच्या खांद्यावर ओझं मात्र दुप्पट असतं.

1801 मध्ये सरन्यायाधीशपद पॅटरसनला मिळावं असं त्याच्या पक्षातल्या अनेकांना वाटत होतं. अॅडम्सने मार्शलला निवडलं. पॅटरसनने कडवटपणा धरला नाही, मार्शलच्या हाताखाली काम करत राहिला. अपघातानंतर प्रकृती सावरलीच नाही. 1806 च्या उन्हाळ्याअखेर तो बॉल्स्टनच्या झऱ्यांच्या पाण्याने बरं वाटेल म्हणून न्यू ब्रन्सविकहून उत्तरेला निघाला. वाटेत ऑल्बनीला मुलीच्या घरी थांबला आणि 9 सप्टेंबरला तिथेच गेला. न्यू जर्सीसाठी एवढा भांडलेला माणूस न्यूयॉर्क राज्याच्या मातीत आहे, ऑल्बनीजवळच्या दफनभूमीत. मी अजून तिथे गेलेले नाही. मावसभाऊ पुढच्या वर्षी परत येतोय, तेव्हा आम्ही दोघं जाणार आहोत.