विचारण्यातच जाणारा वेळ

बुधवार, रात्री

आज दिवसभर लॅबमध्ये लॉग वाचत बसले होते. फोनवरून निघालेलं डेटाचं एक लहानसं पॅकेट बेस स्टेशनला, म्हणजे मोबाइल टॉवरला, पोचेपर्यंत वेळ नेमका कुठे जातो, एवढंच शोधायचं होतं. टीममध्ये नवीन आलेल्या मुलीला समजावं म्हणून मी फळ्यावर मुद्दाम जुन्या एलटीईचा, म्हणजे ४जीचा, हिशेब मांडला. त्यात सगळं आकड्यांत स्वच्छ दिसतं.

फोनकडे पाठवायला काही आलं तरी त्याला ते लगेच पाठवता येत नाही, आधी विचारावं लागतं. विचारायची जागा, म्हणजे शेड्युलिंग रिक्वेस्टची संधी, दर १० मिलीसेकंदांनी येत असेल तर तिची वाट बघण्यातच सरासरी ५ मिलीसेकंद जातात. रिक्वेस्ट पाठवायला १. बेस स्टेशनने ती ओळखून ग्रँट, म्हणजे पाठवायची परवानगी, तयार करायला ३. ग्रँट फोनपर्यंत यायला १. फोनने ती वाचून डेटा तयार करायला ३. डेटा हवेतून जायला १. तो बेस स्टेशनने उलगडायला आणखी ३. बेरीज १७.

ती बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, म्हणजे खरं पाठवणं एकच मिलीसेकंद?"

हो, एकच. आणि हा झाला सरळ चाललेला प्रसंग. फोनकडे किती माल साठलाय हे बेस स्टेशनला माहीत नसतं, म्हणून पहिली ग्रँट बहुतेक वेळा लहान असते. तिच्यात जेमतेम बफरचा अहवाल जातो, तो पोचल्यावर मोठी ग्रँट मिळते, आणि डेटाचा बराचसा भाग त्या दुसऱ्या फेरीत निघतो. बिनतारी जोडणीला उशीर म्हटलं की लोकांना वाटतं सिग्नल अशक्त असेल. सिग्नल उत्तम असतानाही हे १७ सुटत नाहीत.

गुरुवार

संध्याकाळी मावशीचा फोन. ती साताऱ्याला गाणं शिकवते. तिची एक विद्यार्थिनी पुण्यात आहे, तिला तबल्याच्या साथीवर ऑनलाइन बसवायचं होतं. जमलं नाही. सम इकडे एक पडते, तिकडे दुसरी. दोघांमधला उशीर साधारण २५-३० मिलीसेकंदांच्या पुढे गेला की एकत्र वाजवणं अवघड होत जातं, आणि त्या हिशेबात मायक्रोफोन, ॲप, मधलं नेटवर्क असे सगळे वाटेकरी असतात. एकट्या अपलिंकने, म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाण्याने, १७ खाल्ले तर बाकीच्यांना उरतं काय? आणि गाणारी आणि वाजवणारा, दोघंही पाठवणारेच.

मला या कामाची ओढ आहे ती यामुळेच. सगळीकडे डाउनलोडचा वेग विचारला जातो, जाहिराती त्याच्याच असतात. पण बोलणारा, गाणारा, शिकवणारा, शेतातल्या पंपाची स्थिती कळवणारा सेन्सर, हे सगळे वरच्या दिशेने पाठवतात.

शुक्रवार, रात्री

आज नव्या मुलीने विचारलं, "विचारायचंच कशाला? फोनने थेट पाठवावं की." प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि उत्तर मोबाइल नेटवर्कच्या मानकातच आहे. एलटीईमध्ये आवाजासाठी हे पहिल्यापासून होतं. आवाजाचं पॅकेट दर २० मिलीसेकंदांनी येतं हे ठरलेलं, मग दरवेळी विचारायला लावण्यात अर्थ नाही, जागा आधीच राखून ठेवायची. मानकाच्या आवृत्त्यांना रिलीज म्हणतात; ५जीच्या रिलीज १५ मध्ये याचे दोन प्रकार झाले. एकात जोडणी उभी राहतानाच सगळं ठरतं आणि फोन लगेच ती जागा वापरू शकतो. दुसऱ्यात जागा आधी सांगून ठेवतात, पण चालू-बंद नंतर एका छोट्या संदेशाने होतं. मला दुसरा जास्त आवडतो. गरज संपली की जागा लगेच परत घेता येते.

किंमत मात्र आहे. राखीव जागेवर फोन गप्प बसला तर तेवढा स्पेक्ट्रम फुकट गेला. एकच जागा अनेकांना दिली तर दोघं एकदम बोलण्याचा धोका. तिसरी वाट म्हणजे अंदाजाने ग्रँट देणं. खाली एखादं पॅकेट पाठवलं की थोड्याच वेळात वर पोच येणार, हे शेड्युलरला, म्हणजे बेस स्टेशनमधल्या जागा वाटणाऱ्या प्रोग्रॅमला, कळू शकतं. पूर्वी अशी न मागितलेली ग्रँट आली की पाठवायला काही नसतानाही फोनला रिकामं पॅडिंग पाठवावं लागे. बॅटरी जाई, शेजाऱ्यांना गोंगाट होई. रिलीज १४ ने फोनला अशी ग्रँट सोडून द्यायची मुभा दिली. दिसायला एवढीशी गोष्ट, पण मला ती फार समंजस वाटते.

मिनी-स्लॉटबद्दल सगळे उत्साहाने बोलतात. स्लॉट म्हणजे पाठवण्याच्या वेळेचा एक तुकडा, मिनी-स्लॉट म्हणजे त्याचाही छोटा भाग. फ्रिक्वेन्सीचा पट्टा ज्या बारीक पट्ट्यांत विभागतात ते सबकॅरिअर ३० किलोहर्ट्झचे असतील, तर अर्ध्या मिलीसेकंदाच्या स्लॉटमध्ये १४ सिम्बॉल, म्हणजे वेळेचे आणखी लहान तुकडे, असतात. त्यातले दोनच वापरून पाठवलं तर हवेतला वेळ साधारण ७१ मायक्रोसेकंदांवर येतो. सुंदर आहे. पण साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात वर आणि खाली एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालतं. तिथे बरेचदा पाच स्लॉटांची रचना असते: तीन खाली, एक मिश्र, एक वर. म्हणजे अडीच मिलीसेकंदांत वर जायला एकच पूर्ण स्लॉट. रिक्वेस्ट एका फेरीच्या वरच्या स्लॉटमध्ये गेली आणि ग्रँट वेळेत आली, तर डेटा अडीच मिलीसेकंदांनी पुढच्या फेरीत जातो. ग्रँट हुकली तर पाच. राखीव जागा असली तरी सरासरी सव्वा मिलीसेकंद वाट बघणं आलंच. पॅकेट ७१ मायक्रोसेकंदांत जातं की ५०० मध्ये, याने तिथे फारसा फरक पडत नाही.

ही रचना एकट्या कंपनीने बदलूनही चालत नाही. शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचा टॉवर खाली पाठवत असताना आपला टॉवर वरचं ऐकत असेल तर त्याच्या आवाजात फोनचा क्षीण आवाज बुडून जातो. म्हणून सगळ्यांना एका ठेक्यात चालावं लागतं. कारखान्याच्या आत, भिंतींच्या आडोशाला, स्वतःची रचना ठेवता येते. रस्त्यावर ते जमणं कठीण. एकाच वेळी पट्ट्याच्या काही भागात खाली आणि काही भागात वर चालवायची कल्पना रिलीज १८ मध्ये अभ्यासली गेली आणि रिलीज १९ मध्ये कामाला घेतली. माझी सगळ्यात मोठी आशा तिच्यावर आहे.

रविवार

सुट्टी, पण डोकं तिथेच. ५जीसाठी आयटीयूने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेने, जी कसोटी ठेवली ती ३२ बाइटचं पॅकेट १ मिलीसेकंदात, लाखात एखाद्यापेक्षा जास्त न चुकता. त्यासाठी लागणारी अवजारं मानकात आहेत. पण शेड्युलरने कोणाला किती, कधी द्यायचं हे मानक सांगत नाही. ते आमच्यासारख्यांनी लिहायचं असतं. राखीव जागा कोणाला द्यायची हा माझ्या मते थेट न्यायाचा प्रश्न आहे. मोठी फाइल चढवणाऱ्याला चार मिलीसेकंद उशीर झाला तर कळतही नाही. लहान लहान पॅकेटं ठरावीक वेळाने पाठवणाऱ्याला तेच चार मिलीसेकंद जड जातात, आणि त्याला लागणारी जागा तर नगण्य असते. त्याचा मान पहिला.

अडचण आहे ती अर्धवट नियमित पाठवणाऱ्यांची. व्हिडिओत सेकंदाला ६० चित्रं म्हणजे दर १६.६७ मिलीसेकंदांनी एक. राखीव जागा पूर्ण स्लॉटांच्या मापात येतात, त्यामुळे चित्र आणि जागा हळूहळू एकमेकांपासून सरकत जातात. शिवाय प्रत्येक चित्राचा आकार वेगळा. रिलीज १८ मध्ये एका फेरीत अनेक राखीव संधी ठेवता येतात आणि ज्या लागणार नाहीत त्या फोन आधीच सांगून मोकळ्या करतो. त्या मोकळ्या जागा लगेच दुसऱ्याला मिळायला हव्यात, आणि आमचा शेड्युलर अजून ते पुरेशा चपळाईने करत नाही.

उद्या पहिलं काम हेच. नवीन मुलीला सोबत घ्यायचं. आवाजाचा ट्रॅफिक आणि मोठं अपलोड एकाच सेलवर चालवून, मोकळ्या झालेल्या जागा किती स्लॉटांनी दुसऱ्याच्या हाती पडतात ते मोजायचं. सरासरी नको, सगळ्यात वाईट एक टक्का वेगळा काढायचा. मावशीची सम त्यातच चुकते.