ऑरलॉकला घाई नव्हती

शनिवारी दुपारी साउंड चेकला पडदा उजळला, आम्ही वाजवायला लागलो आणि पाचव्या मिनिटालाच दादांनी कीबोर्डवरून हात काढला. "हा आपला पिक्चर नाही."

पिक्चर तोच होता. मुर्नाऊचा १९२२चा 'नोस्फेराटू', व्हॅम्पायरपटांचा मूळपुरुष; त्यातला व्हॅम्पायर म्हणजे काउंट ऑरलॉक. मूकपट असल्यामुळे पडद्याशेजारी बसून त्याला संगीत द्यायचं, हे आमचं काम. पहिल्या खेळासाठी हान्स एर्डमान यांनी जे संगीत लिहिलं होतं ते बरंचसं हरवलंय, म्हणून आम्ही आमचं स्वतःचं बांधलं होतं: दादांचा कीबोर्ड, क्लॅरिनेट, व्हायोलिन, तालवाद्यं आणि माझा चेलो. शनिवारी एक खेळ, रविवारी एक. सगळी तालीम नेटवर मिळालेल्या कॉपीवर झाली होती आणि ती सव्वा तासाच्या आत आटोपायची. आयोजकांनी आणलेली दुरुस्त केलेली प्रत दीड तासाच्या वर चालणारी निघाली.

या पिक्चरच्या एवढ्या तऱ्हेतऱ्हेच्या प्रती असण्याला कारणही आहे. तो काढताना 'ड्रॅक्युला' कादंबरीचे हक्क घेतलेच नव्हते. कादंबरीकार ब्रॅम स्टोकरच्या बायकोनं खटला लढवला आणि १९२५ मध्ये कोर्टानं सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. त्यातून इकडेतिकडे ज्या वाचल्या त्यावर पुढचं सगळं उभं आहे. पण आमची अडचण आणखी साधी होती. मूकपटांच्या काळात कॅमेरा हातानं फिरवायचे. सेकंदाला २४ चौकटी हा नियम बोलपट आल्यावर पक्का झाला. त्याआधी १६, १८, २० असा ज्याचा त्याचा वेग. १८ चा पिक्चर २४ नं चालवला की मिनिटाचा प्रसंग ४५ सेकंदांत उरकतो आणि माणसं तुरुतुरु चालायला लागतात. आम्ही इतके दिवस त्या तुरुतुरु माणसांना संगीत देत होतो.

"मग लय कमी करू. मिनिटाला ९६ ठोक्यांची ७२. मेट्रोनोम लावा नि चला," व्हायोलिनवाली म्हणाली. कागदावर बरोबर होतं. वाजवून बघितलं तर कीबोर्ड बसला, क्लॅरिनेटवाला श्वास पुरवून पुरवून कसाबसा बसला, माझं मात्र जमेना. जहाजाच्या तळातल्या शवपेटीतून काउंट ऑरलॉक उठतो तो गुडघाही न वाकवता, पडलेली फळी उभी करावी तसा. तिथे माझा एकच लांब, खालचा सूर आहे. बो (चेलोचा गज) ब्रिजच्या, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या, अगदी जवळ ठेवायचा, म्हणजे सुरातला गर जातो आणि नुसती खरखर उरते. तिथे दाब जरा कमी पडला की तार शिट्टी मारते, जरा जास्त झाला की दरवाजा करकरल्यासारखी ओरडते. ९६ ला माझा बो टोकाला पोचेपर्यंत ऑरलॉक उभा राहिलेला असायचा. ७२ ला बो संपला आणि हे गृहस्थ अजून तिरपेच.

दोन-तीनदा करून पाहिल्यावर दादा म्हणाले, "बार, आवर्तनं, काही मोजायचंच नाही. पडदा बघा." मग जो तो पेन्सिल घेऊन बसला. माझ्या नोटेशनवर आकड्यांच्या जागी आलं: 'कुऱ्हाड खाली', 'उंदीर', 'कॅप्टन स्वतःला बांधतो'. एक खूण दिसून दुसरी येईपर्यंत तेच दोन बार फिरवत राहायचं आणि दादांची मान हलली की पुढे जायचं. ऐकायला सोपं आहे. पण चेलो पायांत धरून, एक डोळा दादांवर आणि दुसरा डाव्या खांद्यामागच्या पडद्यावर ठेवून तासभर बसून बघा. दुसऱ्या दिवशी माझी मान एकाच बाजूला वळत होती.

एक गोष्ट मात्र या धांदलीत कळली ती तालमीत कधीच कळली नसती. घराच्या सौद्यासाठी ऑरलॉककडे निघालेल्या हुटरला किल्ल्यावर न्यायला येणारी बग्गी मुर्नाऊनं मुद्दाम झपाट्यानं पळवली आहे, मध्ये जंगलाची चौकट निगेटिव्हमध्ये उलटवली आहे, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. आमच्या कॉपीत सगळेच पळत असल्यामुळे ती बग्गी इतरांसारखीच वाटायची. इथे माणसं माणसांच्या वेगानं चालत होती आणि फक्त ती बग्गी अमानुष घाईत होती. ते बघून तालवाद्यवाल्यानं ड्रमवरचा हात खाली घेतला आणि सिंबलच्या कडेवरून माझा जादाचा बो ओढला. तो आवाज ऐकून साउंडवाला केबिनमधून बाहेर आला, काही तुटलं का बघायला.

शनिवारचा खेळ निभावला. प्रेक्षक खूष, आम्ही घामाघूम. ऑरलॉक स्वतःची शवपेटी काखोटीला मारून गावातून चालत जातो, त्या प्रसंगाला क्लॅरिनेटवाल्यानं एक मिश्कील चाल केली होती, खाली माझा पिझिकाटो, म्हणजे बोटानं छेडलेल्या तारा. लोक मनापासून हसले. मला मात्र तिथे खटकलं. आमच्या जुन्या कॉपीत तो प्रसंग पांढऱ्या दुपारचा दिसायचा, त्यामुळे गंमत सुचली. या प्रतीत रात्रीच्या प्रसंगांना मूळ पद्धतीप्रमाणे निळा रंग दिलेला. शूटिंग दिवसाच झालेलं, पण निळ्यात ती रात्र होते, आणि मोकळ्या रस्त्यातून एकटाच जाणारा तो माणूस विनोदी राहत नाही.

वाजवून आल्यावर लगेच झोप लागत नाही, डोक्यात वाजतच राहतं. हॉटेलच्या खोलीत लॅपटॉपभोवती सगळे कोंडाळं करून बसलो आणि व्हॅम्पायरपटच लावले. आधी १९३१चा बेला लुगोसीचा 'ड्रॅक्युला'. नामावलीला 'स्वान लेक' या बॅलेच्या संगीताचा तुकडा, मग मैफलीच्या प्रसंगापुरतं थोडंसं, बाकी जवळजवळ काहीच नाही. लुगोसी जिन्यावर उभा राहून बाहेरच्या लांडग्यांचं कौतुक करतो आणि मागे फिल्मची खरखर तेवढी. पुढे १९९८ मध्ये फिलिप ग्लास यांनी या पिक्चरला स्ट्रिंग क्वार्टेटचं, म्हणजे चार तंतुवाद्यांचं, संगीत लिहिलं. ते वाजवायला मिळालं तर मी एका पायावर तयार आहे, पण त्या रात्री बिनसंगीताचा लुगोसीच जास्त अंगावर आला.

तालवाद्यवाल्याला ते पटेना. त्यानं १९५८चा ख्रिस्तोफर लीचा 'ड्रॅक्युला' लावला. जेम्स बर्नार्ड यांनी तिथे ड्रॅ-क्यु-ला या नावाच्या चालीवरच मुख्य धून बांधली आहे, म्हणजे अख्खा ऑर्केस्ट्रा त्याचं नाव घेऊन ओरडतो. "याला म्हणतात संगीत!" मी म्हटलं, "पण मग तो यायच्या आधीच तो आल्याचं कळतं." यावर पहाटेपर्यंत वाद. दादा मध्येच झोपून गेले असं आम्हाला वाटलं होतं.

झोपले नव्हते. रविवारी दुपारी आल्या आल्या त्यांनी सांगितलं, "शवपेटी घेऊन चालतो तिथे काही वाजवायचं नाही. आणि कोंबडाही काढा."

कोंबडा म्हणजे शेवट. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो. उन्हानं व्हॅम्पायर मरतो हे पडद्यावर आणलं ते या पिक्चरनं. कोंबडा आरवतो, खिडकीतून ऊन येतं, ऑरलॉकचा धूर होतो. आरवण्याची हुबेहूब नक्कल क्लॅरिनेटवर व्हायची आणि तिच्यावर त्यानं फार मेहनत घेतली होती. एकाच दिवसात त्याची दोन्ही कामं कापली गेली. "मग मी येऊच नको का?" तो म्हणाला. "ये की," दादा म्हणाले. "जहाजावर तूच आहेस."

रविवारी शवपेटीच्या प्रसंगाला कोणी हसलं नाही. शेवटी हुटरची बायको एलेन ऑरलॉकला पहाटेपर्यंत अडकवून ठेवते तिथे आम्ही पाचही जणांनी वाद्यं खाली घेतली. कोंबडा दिसला आणि गेला. धूर झाल्यावर मी एकटीनं हार्मोनिक, म्हणजे तारेला बोट नुसतं टेकवून निघणारा बारीक सूर, धरला, जेमतेम ऐकू येईल एवढा, आणि तो माझ्या हातून त्या वीकेंडला सगळ्यात स्वच्छ निघालेला सूर होता. ७२ ची लयही आता अंगात मुरली होती. ऑरलॉक उभा राहिला तेव्हा माझ्याकडे अजून चार बोटं बो शिल्लक होता.

सामान आवरताना एक वयस्कर गृहस्थ आले. दोन्ही दिवस आले होते. आम्ही कौतुकाच्या तयारीत उभे. "आज छान झालं," ते म्हणाले, "पण तो पेटी घेऊन जातो तिथली कालची ती चाल का काढली हो? मी तिच्यासाठीच परत आलो होतो."

क्लॅरिनेटवाल्यानं केस बंद केली, दादांकडे बघितलं, आणि त्या काकांना ती चाल तिथेच तोंडानं वाजवून दाखवायला लागला.