ते जहाज, ती ब्रेक

“ब्रेक? म्हणजे गाडीचा?”

आत्यानं चहाचं आधण ठेवता ठेवता विचारलं आणि गोष्ट पहिल्याच वाक्याला अडली.

मे महिना, कोल्हापूर, शिवाजी पेठेतलं आत्याचं घर आणि भर दुपारी गेलेली लाइट. पंखा बंद पडला की आत्याला गोष्ट लागते. एरवी टीव्हीवरच्या मोठ्या सुनेचा सूड असतो, तो अडीच वर्षं चाललाय. तो नाही तर माझ्या हातातलं पुस्तक.

“कशाचं हाय?”

“सुडाचं.”

“मग सांग की!”

पुस्तक ॲन लेकी या अमेरिकन लेखिकेचं. ‘अँसिलरी जस्टिस’, ‘अँसिलरी सोर्ड’, ‘अँसिलरी मर्सी’ अशी ही विज्ञानकथांची त्रयी. २०१३, २०१४, २०१५ अशी वर्षाला एक, डेअरीच्या रतिबासारखी आली. पहिल्याच कादंबरीला ह्यूगो, नेब्युला आणि आर्थर सी. क्लार्क हे तिन्ही पुरस्कार मिळाले. तोवर एकाच कादंबरीनं हे तिन्ही पटकावल्याचं उदाहरण नव्हतं. ही कादंबरी आली तेव्हा बाई ४७ वर्षांच्या. त्याआधी वेट्रेस, रिसेप्शनिस्ट, रेकॉर्डिंग इंजिनियर असं बरंच काही करून झालेलं, शिवाय जमीन मोजणाऱ्यांच्या पथकात मोजणीची काठी धरून उभं राहणंही. पुरस्कारांचं आत्याला काही वाटलं नाही. काठीवर मात्र तिचे कान टवकारले.

“मोजणीवाल्यांच्यात होती? मग तिला सूड ठाऊक असणारच.”

आमच्या भावकीत बांधावरनं जे जे झालं ते बघता यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

तर, ब्रेक. हे नाव. ती एका बर्फाळ ग्रहावर एकटी फिरते आहे. तिला एक बंदूक हवी आहे. अशा पंचवीस बंदुका कधीकाळी बनल्या होत्या, रादच साम्राज्याचं चिलखत भेदणाऱ्या. चोवीस साम्राज्याच्या हाती लागल्या. पंचविसावी ब्रेकला शोधायची आहे आणि ती घेऊन साम्राज्याच्या सर्वेसर्वा असलेल्या अनान्दर मियानाईला गाठायचं आहे. का? तर एकोणीस वर्षांपूर्वी मियानाईनं लेफ्टनंट ऑनला मारायला लावलं.

“एक ब्रेक, एक ऑन,” आत्या म्हणाली. “बरं. ही ब्रेक ऑनची कोण? बायको?”

“नाही. जहाज.”

आधण उतू जायला आलं होतं. तिनं गॅस बारीक केला आणि माझ्याकडं असं बघितलं की वाटलं, कपाळाला हात लावून ताप बघते की काय.

जहाज म्हणजे अवकाशातलं, हजारो सैनिक वाहून नेणारं. वय दोन हजार वर्षं. त्याला मन आहे. आणि हातपाय म्हणून त्याच्याकडं माणसं आहेत. रादच एखादा ग्रह जिंकतं तेव्हा तिथल्या काही लोकांना गोठवून ठेवतं. गरज पडेल तसं एकेकाला बाहेर काढायचं, आत राहणारा मूळ माणूस पुसायचा आणि त्या रिकाम्या घरात जहाजाचं मन भाडेकरू म्हणून घालायचं. भाडेकरू? चुकलंच, मालक. एका तुकडीत अशी वीस शरीरं. वीसही जण ‘मी’. एक मी देवळाच्या दाराशी, एक मी नदीकाठी, एक मी लेफ्टनंटसाहेबांच्या चहापाशी, सगळं एकाच क्षणी, एकाच परिच्छेदात. इंग्रजीत वाचताना सुरुवातीला गरगरतं. आत्याला मात्र हा भाग समजावून सांगावा लागला नाही. सत्तावीस माणसांच्या वाड्यात तिनं चाळीस वर्षं काढली आहेत. चुलीपुढनं न उठता, माडीवर लोणच्याची बरणी कुणी उघडली हे तिला समजायचं.

मग मियानाईनं ते जहाज उडवलं. सगळी शरीरं गेली, एक उरलं. ती ब्रेक.

“ती का ते?” आत्यानं विचारलं.

इथंच घोडं पेंड खातं. रादचांच्या भाषेत लिंगभेदच नाही. बाई-पुरुष ओळखण्याची त्यांना सवय नाही, आणि ब्रेक परक्या भाषेत बोलते तेव्हा तिची त्रेधा उडते. लेखिकेनं त्यावर तोडगा काढला: सगळ्यांना इंग्रजीतलं ‘शी’, म्हणजे ‘ती’. सेनापती शी, हमाल शी, देवळातली पुजारी शी. हजार वर्षं शीतनिद्रेत पडून उठलेला सेइवार्डन नावाचा अधिकारी पुरुष आहे हे आपल्याला कळतं, तरी तोही शी. इंग्रजीत हे एका शब्दावर भागतं, कारण क्रियापद जागचं हलत नाही. मराठीत ‘ती’ म्हटलं की मागोमाग ‘आली, बसली, थंडीनं काकडत होती, चिडखोर होती, दमलेली होती’. अख्खं वाक्य लुगडं नेसून उभं राहतं. सेइवार्डन अशा वाक्यात घातला तर नाटकात बालगंधर्वांच्या जागी तालमीतला पैलवान उभा केल्यासारखं होईल.

आणि ब्रेक स्वतः? जहाज आपल्याकडं नपुंसकलिंगी. म्हणजे तिनं ‘मी निघालं, मी पोचलं’ म्हणायला हवं. ऐकायला विचित्र वाटतं, पण आपलं ‘ते’ इंग्रजीच्या ‘इट’सारखं निर्जीव नाही हेही खरं. ‘बाळ झोपलं’, ‘पोरगं दमलं गं’, ‘येडं आहे बिचारं’. आपल्याकडं नपुंसकलिंगात माया असते नाहीतर कीव. ब्रेकला दोन्ही खपलं नसतं. तिच्याशी मायेनं बोलणाऱ्याकडं ती कोऱ्या चेहऱ्यानं बघत राहते.

यातून एक गंमत हाती लागली. मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं की बोलणाऱ्याचं लिंग लपतं. ‘मी बंदूक उचलली.’ कोण बोलतंय? कळत नाही, उचलली ती बंदूक. ‘मी गोळी झाडली.’ झाडली गोळी. ‘मी त्याला मारलं.’ तरीही नाही. पण आली का आला, रडली का रडला, हे सांगितल्याशिवाय सुटका नाही. म्हणजे ब्रेकला मराठीत खून बिनबोभाट करता येईल, रडता येणार नाही. ‘मी वाचलं’ म्हणजे पुस्तक, तिथं कुणी विचारत नाही. ‘मी वाचले’ किंवा ‘मी वाचलो’ म्हणजे जीव, तिथं मात्र आधी कोण ते सांगा. आणि ब्रेकची अख्खी गोष्ट मुळात एवढीच आहे की सगळे गेले आणि ती वाचली.

खरं तर हा लेख लिहायला घेतल्यापासून माझाही तोच खटाटोप चालला आहे. तुमच्या लक्षात आलं असेल तर माफ करा, नसेल तर वर जाऊन बघा. चहासुद्धा मला फार जपून घ्यावा लागतोय, कारण ‘घेतला’ चालतं, पण ‘पिणं’ भूतकाळात गेलं की लगेच चहाडी करतं.

आत्याला यातलं काही अवघड वाटेना. ती दोनदा वारीला जाऊन आलेली. “वारीत न्हाई का, सगळी माउली? पोलीस असू दे, न्हाईतर ट्रकवाला. ‘माउली, जरा सरका.’ ज्ञानोबा काय बाई होते?” आणि दुसरा तोडगा तर तिच्या जिभेवरच होता. “मी साखर बघतो हां,” म्हणत ती फळीकडं वळली. ‘बघतो’. कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात. मी येतो, मी जातो, मी जेवलो. पुण्यात सासरी गेलेल्या पोरींना यावरून वर्षभर हसतात, मग त्या ‘येते’ म्हणायला लागतात आणि माहेरी एसटीतून उतरल्या की पुन्हा ‘आलो’. ब्रेकचा अनुवाद कुणी करायला घेतलाच तर पेठेत येऊन करावा. इथं ‘मी आलो’ म्हटल्यावर दारात कोण असेल ते दार उघडल्यावरच कळतं.

चहा आला. आत्याच्या घरी कप तीन प्रकारचे. काचेच्या कपाटात निळ्या फुलांचा बोन चायनाचा सेट, सहा कप, सहा बश्या, किटली. तो तिच्या लग्नातला, आणि माझ्या आठवणीत एकदाच बाहेर निघालाय, चुलतभावाला बघायला आले तेव्हा. दुसरे स्टीलचे, येणाऱ्याजाणाऱ्याला. तिसरे आमचे. माझ्या कपाच्या काठाचा टवका उडालाय आणि तिथंच ओठ लागतो. बाहेरचं एनॅमल सुटून खाली काळा पत्रा दिसतो, नकाशातल्या बेटासारखा.

हा कप बघितला आणि दुसरं पुस्तक सांगायला घेतलं. कारण सांगायची गोष्ट अशी की, बंदुका आणि सूड यासाठी ही त्रयी हातात घ्यावी आणि वाचत राहावं चहासाठी. रादच लोक दर दोन पानांआड चहा घेतात. चहा म्हणजे सभ्यता, आणि त्यांच्या भाषेत ‘रादच’ आणि ‘सुसंस्कृत’ यांना शब्द एकच! हात उघडे ठेवणं अश्लील, म्हणून हातमोजे घालूनच वाडगा धरायचा. दुसऱ्या भागात ब्रेक ‘मर्सी ऑफ काल्र’ या जहाजाची कप्तान आहे. तिच्या दिमतीला काल्र फाइव्ह नावाची सैनिक आहे. माणूसच, पण ‘अँसिलरी’सारखा, म्हणजे त्या पुसलेल्या शरीरांसारखा, चेहरा कोरा ठेवण्यात धन्यता मानणारी. चिनीमातीचा विषय निघाला की हिचा कोरेपणा आतून तडकतो. कुणासमोर कुठला सेट काढायचा, कुणाला भारीतला नाही दाखवायचा, यात तिचं सगळं युद्धशास्त्र. समोरच्याचा पाणउतारा एका वाडग्यात होतो, आवाज न चढवता.

“हुशार हाय,” आत्या म्हणाली, आणि तिची नजर काचेच्या कपाटाकडं जाऊन आली.

त्या भागात चहाचे मळेही आहेत. अथोएक नावाचा ग्रह. मळ्यावर राबणारे लोक दुसऱ्या जिंकलेल्या ग्रहावरून आणून वसवलेले. कागदावर मजुरी मिळते, प्रत्यक्षात ती उधारीत जिरते. वरच्या अवकाशस्थानकात एक मोडका भाग आहे, अंडरगार्डन. दिवे नाहीत, दुरुस्ती नाही, तरी माणसं राहतात, आणि अधिकारी म्हणतात तिथं कुणी राहतच नाही. ताफ्याची कप्तान असलेली ब्रेक स्थानकावर येते आणि राहायला खोली मागते ती तिथं. सगळ्या सभ्य लोकांची पळापळ.

आत्या एकदम म्हणाली, “म्हंजे आमच्या महाराजांसारखं.”

शाहू महाराजांची ही गोष्ट कोल्हापुरात शाळेआधी घरात कळते. संस्थानच्या नोकरीतल्या गंगाराम कांबळेंना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली, आणि नुसती मदत करून थांबले नाहीत. तिथं स्वतः जाऊन चहा घेतला, बरोबरच्या मोठ्या मोठ्या मंडळींनाही घ्यायला लावला. वाडग्यातून पाणउतारा होतो तसा वाडग्यातून त्याचा हिशेबही चुकता करता येतो. काल्र फाइव्हला हे नक्की कळलं असतं. आत्याला अर्ध्या वाक्यात कळलं. तिच्याच लहानपणी परसात वेगळी ठेवलेली एक कपबशी होती, ती कुणासाठी होती हे तिनं सांगितलं नाही, आणि माझी विचारायची हिंमत झाली नाही.

“खरं, सूडाचं काय झालं? तू चहातच बुडालंयस.”

सूड अवघड झाला होता, कारण अनान्दर मियानाईही एक नाही. हजारो शरीरं, तीन हजार वर्षांचं वय, आणि मधेच कधीतरी तिचं स्वतःशीच फाटलं. अर्धी मियानाई उरलेल्या अर्धीविरुद्ध लपून कट करते. एकीला गोळी घातली तर दुसरी आभार मानेल. शिवाय लेफ्टनंट ऑनवर गोळी झाडणारा हात कुणाचा, तर जहाजाचाच. हुकूम मियानाईचा, बोट ‘माझं’. ब्रेक हे सांगते तेव्हा वाक्यात कुठंही आवाज कापत नाही, आणि तेच वाचवत नाही. पहिल्या पुस्तकाचं नाव न्यायाचं, दुसऱ्याचं तलवारीचं, तिसऱ्याचं दयेचं. हे तसे जहाजांचे प्रकार, जस्टिस, सोर्ड, मर्सी, पण बाईंनी क्रम उगाच लावलेला नाही. माझ्या मते दुसरा भाग मळ्यातल्या भांडणात जरा रेंगाळतो. आत्याच्या मते तोच खरा, बाकी सगळं आकाशातलं.

तिसऱ्या भागातला शेवट इथं सांगत नाही. आत्याला सांगितला. एवढं मात्र सांगेन की त्यात एक फुटलेला पुरातन चहाचा सेट आहे, काचेचा, आणि जगाची उलथापालथ चाललेली असताना काल्र फाइव्ह एका तिरसट पाहुण्याला हाताशी धरून त्याचे तुकडे जुळवत बसते. आत्यानं याच ठिकाणी थांबवलं.

“कशानं चिकटवलं?”

“ते काही...”

“फेविक्विकनं काच धरत न्हाई. मी बघितलोय करून.”

‘बघितलोय’. आमच्या सकर्मक नियमाचाही तिनं चुराडा केला होता. ती उठली, कपाटाची किल्ली देव्हाऱ्यामागनं काढली आणि बोन चायनाच्या सेटमधला सहावा कप, कायम मागं ठेवलेला, माझ्या हातात दिला. कान तुटून पुन्हा चिकटवलेला. चिकटवल्याची पिवळी रेघ अंगठ्याला खरखरीत लागली. हा कधी फुटला, कुणी फोडला, हे विचारायचं राहिलं, कारण तेवढ्यात लाइट आली, पंखा गरगरला आणि टीव्हीवरची मोठी सून मोठ्यांदा ओरडली.

कप मात्र माझ्याच हातात राहिला. तो कपाटात ठेवायचा की मोरीत, ते तिनं सांगितलं नव्हतं. पुस्तकाची शेवटची चार पानं पुन्हा चाळायला घेतली, तोवर आतून हाक आली.

“अजून अर्धा घेणार काय? मी ठेवतो मग.”

“आलो,” म्हटलं.