आमची वाटचाल: शाळेच्या गणवेशापासून पदवीदानाच्या हूडपर्यंत

सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने काही कमी नाहीत. आम्हीही शाळेच्या शर्ट-पँटवरच सुरुवात केली. आज आमचं नाव पदवीदानाच्या गाऊनसाठी आणि त्यावर गळ्यातून पाठीवर सोडायच्या हूडसाठी घेतलं जातं, आणि त्याचं श्रेय एका सेमिनरीच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या कॉलेजच्या, रजिस्ट्रार सरांना. पहिली ऑर्डर देताना त्यांनी जुना हूड कटिंग टेबलावर उलटा पसरला आणि एकेक शिवण समजावून दिली.

हूड म्हणजे शोभेचा पट्टा नव्हे. मध्ययुगातल्या युरोपात विद्यार्थी बहुतेक चर्चच्या सेवेतले. थंडीत डोक्यावर ओढायचं त्यांचं टोपडं हळूहळू पाठीवर उतरलं आणि पदवीची खूण झालं. सरांच्या सेमिनरीत अमेरिकी पद्धत चालते. तिथल्या पदवीपोशाखाच्या 1895 च्या संहितेने थिऑलॉजीला, म्हणजे धर्मशास्त्राला, स्कार्लेट, म्हणजे लालभडक रंग दिला. एम.डिव्ह. ही धर्मशास्त्राची मास्टर पदवी, म्हणून तिचा हूड मास्टरच्या मापाचा: लांबी साडेतीन फूट, मखमलीची कड 3 इंच. बॅचलरची कड 2 इंच, डॉक्टरेटची 5. अस्तर कॉलेजच्या रंगांचं.

2020 मध्ये पदवीदानं थांबली आणि 14 पैकी 4 मशीनं चालू राहिली. त्यातून सावरत होतो, तेवढ्यात शहरातल्याच एका कारखान्याने आमचा नमुना पुढे करून, कमी भाव सांगून सेमिनरीची ऑर्डर नेली. इतक्या वर्षांच्या कामानंतर आम्हाला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. ते आजही लागतं.

त्यांचे हूड आम्ही नंतर हातात घेऊन पाहिले. मखमलीला लव असते. एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर खरखरीत. कापड वाचवायला तुकडे उलटसुलट मांडून कापले होते, त्यामुळे एकाच हूडची डावी कड लाल आणि उजवी मरून दिसत होती. वरून थेट इस्त्री फिरवल्याने लव दबून चट्टे पडले होते. आणि पुढचा लूप लावलेलाच नव्हता. हूडचं सगळं वजन पाठीवर असतं. लूप शर्टच्या बटणात अडकवला नाही तर कड मागे सरकून गळ्याला काचते.

पदवीदानाला 11 दिवस उरले असताना सरांचा फोन आला. 63 हूड हवे होते. आमच्या कटिंग मास्तरांनी प्रत्येक तुकड्याच्या मागे खडूने एकाच दिशेचा बाण काढला. मखमल मशीनखाली सरकते, म्हणून आधी हाताने कच्चा टाका, मग मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाचा दाब कमी करून लांब टाका. दहाव्या दिवशी रात्री माल गेला. त्या वर्षापासून ती ऑर्डर पुन्हा आमच्याकडे आहे.

जाता जाता पदवीधरांना काही गोष्टी सांगतो. साडी किंवा पंजाबी ड्रेसला पुढे बटण नसतं. गाऊनच्या आत, गळ्याखाली एक छोटं बटण आधीच लावून घ्या, लूप त्यात अडकवा. टोपीसाठी घेर कपाळावरून मोजा, केस त्या दिवशी बांधाल तसेच बांधून. मास्टरच्या गाऊनची बाही टोकाला बंद असते, हात पुढच्या फटीतून काढायचा. ती फट चुकून उसवली आहे असं समजून शिवून टाकू नका. मखमल चुरगळली तर उलट्या बाजूने नुसती वाफ द्या आणि सुकेपर्यंत हँगरला राहू द्या.