पहिल्या बसनं आले तरी

गेल्या वर्षी आमच्या बेळगावच्या कॉलेजची फुटबॉल टीम आंतरमहाविद्यालयीन फायनलला गेली आणि विद्यार्थ्यांचे पास वाटायचं काम माझ्याकडं आलं. ऑफिसात क्लार्क म्हणून मला एकोणीस वर्षं झाली. परीक्षेचे फॉर्म, स्कॉलरशिप, बोनाफाईड, सगळं त्या खिडकीतून दिलंय. पण ते तीनशे गुलाबी पास अजून मनातून जात नाहीत.

मैदानाची गॅलरी लहान, आमची मुलं अठराशे. मी नोटीस लावली: सकाळी सात वाजता, आयकार्ड दाखवून, पहिला येईल त्याला पास. रांगेत वशिला चालत नाही, हे रेशनच्या दुकानापासून डोक्यात बसलेलं. आठ वाजून दहा मिनिटांनी शेवटचा पास गेला.

साडेआठला बीकॉम दुसऱ्या वर्षाची एक मुलगी खिडकीशी आली. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्याही पुढचं गाव. खांद्याला बॅग, हातात डब्याची पिशवी. "संपले वो सर?"

"संपले की."

"पहिल्या बसनं आले तरी हीच वेळ होते वो." एवढंच बोलली आणि वर्गाकडं गेली. आमचा गोली तिच्या शेजारच्या गावचा, हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी मी रजिस्टर उघडून बसलो. टिळकवाडी, शहापूर, वडगाव, सगळी शहरातली, आणि मग हॉस्टेल, हॉस्टेल, हॉस्टेल. खानापूर तालुक्यातली नावं चार. एका पोरानं मित्रांची आठ आयकार्डं आणली होती, आणि मीच त्याला आठ पास मोजून दिले होते. फायनलच्या दिवशी गॅलरीत मधेमधे जागा रिकाम्या होत्या. पास घेतले, पण आलेच नाहीत, त्यांच्या.

माझा भाचा अमेरिकेत टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीत शिकतो. त्यांच्या काईल फील्ड या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर एक लाखाहून जास्त माणसं मावतात, आणि विद्यार्थी अख्खी मॅच उभं राहून बघतात. वेळ पडली तर मैदानात उतरायला आम्ही तयार, म्हणून ते स्वतःला 'बारावा खेळाडू' म्हणवतात. १९२२ पासूनची ही परंपरा. तिथंही तिकिटांची ओढाताण आहेच. शनिवारची मॅच असली की सोमवारी शेवटच्या वर्षाच्या मुलांना तिकिटं, मंगळवारी तिसऱ्या, बुधवारी दुसऱ्या, आणि गुरुवारी पहिल्या वर्षाच्या. मोठ्या मॅचला पोरं रात्रभर तंबू ठोकून बसतात. मिशिगन युनिव्हर्सिटीनं २०१३ साली विद्यार्थ्यांच्या भागात 'आधी येईल तो पुढं बसेल' असं करून बघितलं. मुलं उशिरा येतात ही त्यांची तक्रार होती. विद्यार्थी नाराज झाले आणि पुढच्याच मोसमात ती पद्धत गेली.

वर्षांप्रमाणे वाटप मला पटतं, कारण पहिल्या वर्षाचा मुलगा कधीतरी शेवटच्या वर्षाला जातोच. जांबोटीची बस मात्र तीन वर्षांत लवकर येणार नाही. रांग सकाळी सात वाजता कोण मोकळं आहे तेवढंच मोजते.

म्हणून यंदा मी प्राचार्यांपुढं चिठ्ठ्यांचा प्रस्ताव ठेवलाय. नाव आठवडाभर कधीही द्यायचं, मधल्या सुट्टीतसुद्धा. मैत्रिणींना एकत्र बसायचं असेल तर चौघींपर्यंत नावं एकाच चिठ्ठीवर. चिठ्ठी निघाली तर चौघींना पास, नाही तर कुणालाच नाही. एकट्याच्या चिठ्ठीलाही निघायची तेवढीच संधी. शेवटी दोनच पास उरले आणि चिठ्ठीत चार नावं निघाली, तर ती बाजूला ठेवून पुढची काढायची. ज्याला जमणार नाही त्यानं आदल्या दिवशी दुपारपर्यंत पास परत करावा, तो पुढच्या चिठ्ठीला जाईल. न सांगता गैरहजर राहिला त्याचं नाव पुढच्या मॅचच्या डब्यात पडणार नाही. ट्रस्टींसाठी, स्टाफसाठी किती पास बाजूला काढले तो आकडाही नोटीस बोर्डावर लागावा, असं मी शेवटी लिहिलंय. त्या ओळीवर प्राचार्य बराच वेळ थांबले, पण खोडली नाही.

सोमवारी बैठक आहे. चिठ्ठ्यांसाठी कुंद्याच्या मिठाईचा मोठा डबा धुऊन कपाटावर ठेवलाय. ती मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. परवा फी भरायला आली तेव्हा तिला सांगितलं. तिनं विचारलं, "नाव आजच दिलं तर चालतंय काय वो?" बैठक व्हायची आहे, म्हणून लिहून घेता आलं नाही.