अर्थिंगशिवाय काम घेत नाही: आमची वाटचाल

आमचं दुकान बेळगावात, वडगावला. सुरुवात मागांच्या मोटरी दुरुस्त करण्यापासून झाली. वडगाव-शहापुरात घरोघरी माग. मोटर, स्टार्टर बघता बघता त्याच घरांच्या वायरिंगची कामं मिळत गेली. पहिली काही वर्षं गिऱ्हाईक सांगेल तसं करायचो. अर्थिंग म्हणजे गळलेला करंट जमिनीत उतरवायची सोय. ‘अर्थिंगचा खड्डा नंतर बघूया, पैसे संपलेत’ म्हटलं, की आम्हीही पुढच्या कामाला.

मग एका पावसाळ्यात, आम्हीच वायरिंग केलेल्या घरातल्या काकूंना शॉक बसला. कपडे वाळत घालायची तार पत्र्याच्या शेडच्या लोखंडी खांबाला बांधलेली. शेडमधल्या दिव्याची वायर घासून उघडी पडली होती. पत्रा, खांब, तार सगळ्यांत करंट उतरलेला. ओलं लुगडं टाकताना हात चिकटला. सुनेनं त्यांना न शिवता आधी मेन स्विच पाडला, म्हणून काकू वाचल्या. मी पोचलो तेव्हा शेडचा एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, वरच होता, पडलाच नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एमसीबी असतो तो वायर जळू नये म्हणून. 16 अँपियरच्या एमसीबीला माणसाच्या अंगातून जाणारा करंट कळतच नाही, आणि जीव जायला एका अँपियरचा दहावा भागही पुरतो. आरसीसीबीचं काम वेगळं. गेलेला करंट आणि परत आलेला करंट तो सतत ताडून बघतो. 30 मिलिअँपियरचा फरक पडला की निमिषात लाईन तोडतो.

तेव्हापासून अर्थिंग आणि आरसीसीबी घेणार नसाल तर आम्ही काम घेत नाही. बरीच गिऱ्हाईकं तुटली. जुन्या घरांत तर आरसीसीबी बसवला की पडतच राहायचा. ‘अहो, तुमचा स्विच खराब आहे!’ म्हणून फोन. मेगर, म्हणजे वायरमधली गळती तपासायचं यंत्र, लावून शोधावं तर कुठं गिझरची कॉइल गेलेली, कुठं आधीच्या वायरमननं न्यूट्रल आणि अर्थ एकत्र पिळून ठेवलेले. पडतो म्हणून आरसीसीबी काढून टाकलेल्या घराची मला जास्त भीती वाटते.

खानापूरकडून दरवर्षी विचारणा येते: रानडुकरं भात तुडवतात, कुंपणात लाईट सोडून द्या. ते आम्ही करत नाही. गुन्हा तर आहेच, पण रात्री मोटर चालू करायला बांधावरून येणारा शेजारी डुकराआधी त्यात सापडतो. त्याऐवजी बॅटरीवरचं झटका मशीन लावा म्हणतो. त्याचा झटका थांबून थांबून बसतो, माणूस चिकटून राहत नाही. आणि वळवाच्या वाऱ्यात तार तुटून पडलीच, तर काठीनंही सारायला जाऊ नका. लांब राहा, वीज कंपनीच्या, म्हणजे हेस्कॉमच्या, 1912 ला फोन लावा.

काम संपलं की पेटीच्या दारावर मराठीत आणि कन्नडमध्ये चिठ्ठी चिकटवतो: महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा, लाईट गेली नाही तर आम्हाला बोलवा. काकूंकडं आता नायलॉनची दोरी आहे. बटण त्यांची सून दाबते.