द्राक्षातली खिडकी

फेब्रुवारीतली दुपार. लाकडी पाटावर द्राक्षांचा घड मांडलेला, समोर ट्रायपॉडवर कॅमेरा, आणि फोकस जुळवता जुळवता मी थांबलोच. घडातल्या प्रत्येक मण्यात एक खिडकी होती. चौकोनी, पांढरी, मधोमध एक उभी आणि एक आडवी काळी दांडी. समोरून तीसेक मणी दिसत होते, म्हणजे तीसेक खिडक्या. संध्याकाळी दिवे लागलेल्या चाळीसमोर उभं राहावं तसं वाटलं.

चमत्कार काही नव्हता. खिडक्या मीच लावल्या होत्या. गुळगुळीत गोल वस्तूच्या अंगात दिव्याचा आकार जसाच्या तसा उतरतो. नुसता सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यावर बसवायची पांढऱ्या कापडाची पेटी, लावला की फळात पांढरा चौकोन दिसतो आणि बघणाऱ्याला लगेच स्टुडिओचा वास येतो. त्याच्या कापडावर वायरमनच्या काळ्या टेपच्या दोन पट्ट्या मारल्या की चौकोनाची खिडकी होते, आणि फळं कुणाच्या तरी घरात ठेवलीत असं वाटायला लागतं. सतराव्या शतकातले डच चित्रकार काचेच्या पेल्याच्या पोटात अशी खिडकी रंगवून ठेवत. फरक इतकाच, की त्यांच्या खोलीला खरोखरच खिडकी असायची.

तशा माझ्या स्टुडिओलाही आहेत. दोन, नाशिकच्या गंगापूर रोडच्या अंगाला, चांगल्या ऐसपैस. भाड्यानं घेतल्या त्या दिवशीच मी त्या काळ्या कापडानं बंद करून टाकल्या. म्हणजे असलेल्या खिडक्या बुजवायच्या, नसलेली टेपनं चिकटवायची आणि वर त्याचं बिल लावायचं. धंदा आहे.

पण खिडकीतल्या उजेडावर धंदा होत नाही हेही खरं. अकराला पांढरा, पाचला पिवळा, मध्येच एखादा ढग. बारा पदार्थांचं मेनूकार्ड करायचं तर पहिला आणि बारावा पदार्थ एकाच दिवशी शिजल्यासारखा दिसायला हवा. फ्लॅश बिचारा सकाळ-संध्याकाळ, उजेडाच्या रंगाच्या मापात, ५५०० केल्विनच्या आसपास बसून राहतो. कुरकुरत नाही, ढगाआड जात नाही. फक्त वर छताची ट्यूब चालू राहिली नाही ना, ते बघायचं. नाहीतर श्रीखंडावर हिरवट झाक येते आणि मालक म्हणतो, आमचं श्रीखंड असं नसतं हो.

मिसळीनं मला एकदा चांगलंच उघडं पाडलंय. एका हॉटेलासाठी काम होतं, नाव कशाला सांगू, अजून चालू आहे. मालकांना सगळे फोटो वरून घेतलेले हवे होते, थेट डोक्यावरून. आता तर्री म्हणजे तेल, आणि तेलाचा सपाट थर म्हणजे आरसा. आरशाचा नियम शाळेतलाच, उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परत जातो. वरून बघितलं की वरचंच सगळं त्यात दिसणार. मी फरसाणाकडे बघत राहिलो, कारण फरसाण तीन मिनिटांत मऊ पडतं आणि मग कितीही दिवे लावा, ते रडकंच दिसतं. खरं ताट येईपर्यंत मी त्या वाटीत पिवळं फडकं चुरगळून ठेवतो, त्याच्यावर उजेड जुळवतो, आणि मग मिसळ पळत पळत आणायला लावतो. तेही केलं होतं. फोटो छापून आला. सहा महिन्यांनी बायकोला घेऊन तिथे गेलो, तर तिनं मेनूकार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, "अहो, मिसळीत तुम्ही काय करताय?" खरंच होतो. तर्रीच्या डाव्या कडेला, कॅमेऱ्यावर वाकलेला, टक्कल चमकतंय. कार्ड अजून तेच आहे.

तर द्राक्षं. घड दिंडोरीकडच्या एका बागायतदारांचे, थॉमसन सीडलेस. परदेशी जाणाऱ्या पेट्यांवर छापायला फोटो हवा होता. पेटीचं डिझाइन करणाऱ्या मुलीनं फोनवर बजावलं होतं, "सर, शाइन पाहिजे. एकदम काचेसारखी." म्हणून माझ्या असिस्टंट पोरानं ओल्या सुती फडक्यानं एकेक मणी पुसून काढला होता आणि वर पाणी-ग्लिसरीनचा निम्मा-निम्मा फवारा मारला होता. नुसत्या पाण्याचे थेंब ओघळून जातात, ग्लिसरीन त्यांना धरून ठेवतं. घडाच्या मागे घडाच्याच आकाराचं पांढरं कार्ड कापून लपवलं होतं, म्हणजे मागून उजेड येऊन मणी आतून पेटल्यासारखे दिसतात, आतल्या शिरासुद्धा मोजून घ्याव्यात. मी खूश होतो. थेंबांतसुद्धा खिडक्या होत्या, मोहरीएवढ्या.

तेवढ्यात बागायतदार स्वतः दुसरं क्रेट घेऊन जिना चढून आले. पाटाकडे बघितलं आणि म्हणाले,

"ओ भाऊ, पावडर कुठं गेली?"

पावडर म्हणजे मण्यावरची ती पांढुरकी मेणचट साय. द्राक्ष ती स्वतःच स्वतःवर चढवतं. आपण बाजारातून आणून नळाखाली धरतो आणि फवारणीचं औषध असेल म्हणून चोळून काढतो, ती गोष्ट वेगळी.

"घड देठाला धरून उचलतो आम्ही," ते म्हणाले. "मण्याला बोट लावू देत नाही बायांना. बोट लागलं की ठसा उठतो. आणि तुम्ही फडक्यानं पुसला माल? हे बघून घेणारा म्हणेल, शिळा आहे, हाताळलेला आहे."

पोरानं फडकं हळूच पाठीमागे लपवलं.

दुसऱ्या क्रेटमधला घड काढला, देठाला धरून. पाटावर ठेवला, आणि सगळ्या खिडक्या एकदम विझल्या. मेणाच्या त्या थरात उजेड विखुरतो, आकार धरत नाही. काचेवर श्वास सोडल्यावर बाहेरचं दिसतं तसा प्रत्येक मण्यावर एक पुसट ढग. माझी टेप वाया गेली हे सोडा, पण पावडरही दिसेना. नुसता घड मळकट दिसत होता. ती मुलगी बघताक्षणी म्हणाली असती, धुतला का नाही? मी सॉफ्टबॉक्स जवळ घेतला, लांब नेला. जवळ घेतला की दिवा वस्तूच्या मानानं मोठा होतो आणि उजेड मऊ पडतो. एक मीटरवरून दोन मीटरवर नेला की उजेड पाव होतो. सगळं पाठ आहे. उपयोग शून्य. बागायतदार स्टुलावर बसून बघत होते, चहाची बशी हातात, चेहरा बाजार समितीत लिलावाला उभ्या असलेल्या माणसाचा.

पंचवटीतल्या आमच्या वाड्यात स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. दोन्ही बाजूंना काकांच्या खोल्या, मागे शेजारच्या वाड्याची भिंत. उजेड यायचा तो छपरातल्या एका काचेच्या कौलातून. बाकीची कौलं धुरानं काळी झालेली, त्यात हे एकच पांढरं. त्यातून खाली कवडसा पडायचा, साधारण पाटाएवढा, आणि दिवसभर चालायचा. सकाळी फडताळावर, बाराला चुलीच्या अलीकडे, चारच्या सुमारास कोठीच्या दारापर्यंत. आजी त्याच्या मागे. पितळी ताटात रेशनचा तांदूळ घेऊन पाय पसरून बसायची, कवडसा सरकला की ताट पुढे ढकलायची आणि बसल्या बसल्या आपणही सरकायची. तासाभरात हातभर. मला लहानपणी वाटायचं, तांदूळ निवडणं म्हणजे जमिनीवरून हळूहळू प्रवास करणं.

आणि ती ताट कवडशाच्या मधोमध कधी ठेवायची नाही. कडेला ठेवायची, खाली एक फुटका पाटा सारून जरा कलतं करायची. म्हणजे उजेड तांदळावर पडायच्या ऐवजी तांदळावरून सरपटत जायचा. मग दाण्यादाण्याला सावली यायची. तांदळाची लांबट, खड्याची आखूड आणि कोपरे असलेली. तिचं बोट खड्यावर इतक्या सहज पडायचं, की मला वाटायचं तिला खडे हाका मारतात. ती दाण्यांकडे बघतच नव्हती, सावल्या वेचत होती, हे कळायला मला हा धंदा करावा लागला. मी वाकून बघायला गेलो की म्हणायची, "उजेडातनं हो बाजूला." हेच वाक्य मी पोराला दिवसातून दहादा ऐकवतो.

पुढे वडिलांनी खोलीत मधोमध साठचा दिवा लावून दिला. आजी एकदा त्याच्याखाली बसली, दोन मुठी निवडल्या आणि उठून परत कवडशाकडे गेली. "डोक्यावरच्या उजेडात खडापण तांदूळच दिसतो," म्हणाली. तिला काही कलाबिला साधायची नव्हती. घासात खडा आला की आजोबा भरल्या ताटावरून उठून जात, आणि मग ती रात्रभर जेवत नसे.

सॉफ्टबॉक्स काढला. उघड्या दिव्याला जाळी लावली, मधमाशीच्या पोळ्यासारखी, म्हणजे उजेड इकडेतिकडे सांडत नाही. स्टँड पाटाच्या उंचीला खाली आणला, घडाच्या डावीकडून, किंचित मागून. समोरच्या बाजूला काळं कार्ड. आणि पावडर उठून आली. मण्यांवर चांदण्यासारखी, देठाशी दाट, टोकाला विरळ, आणि एका मण्यावर कुणाच्या तरी अंगठ्याचा अख्खा ठसा.

"हां," बागायतदार म्हणाले, "आता दिसला माल." मग ठशाकडे बोट दाखवून, "हा माझाच असंल."

तेव्हापासून घरात माझा विक्षिप्तपणा वाढलाय असं सर्वानुमते ठरलंय. आधीच होता. हॉटेलात गेलो की मी आधी छताकडे बघतो. डोक्यावर बरोबर दिवा असलेलं टेबल मिळालं तर जेवण सपाट लागतं, खरंच लागतं. गौरीच्या नैवेद्याचं ताट वाढताना मी मध्ये पडतो. आपल्या ताटाची गंमत अशी, की चटणी-कोशिंबीर डावीकडे आणि भाजी, आमटीची वाटी उजवीकडे. उजेड डावीकडून घेतला तर चटणी उजळते आणि वाटीची सावली ताटाबाहेर पडते. उजवीकडून घेतला की वाटीची सावली थेट वरणभातावर. ताट वाढण्याची रीत घालणाऱ्यांच्या डोक्यात हे असेल असं मी एकदा जेवताना म्हणालो. बायको म्हणाली, त्यांच्या डोक्यात उजवा हात होता, जेवा.

पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तिथून गेलो की लोकांना सिनेमा आठवतो, मला वाटाणा आठवतो. दादासाहेब १८७० साली इथेच त्र्यंबकेश्वरला जन्मले. सिनेमाच्या आधी काही काळ फोटोग्राफरच होते, गोध्र्याला स्टुडिओ होता त्यांचा. १९१२ साली चित्रपटाला पैसे उभे करायचे म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि तो उगवून वर येईपर्यंत एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर रोप बघता बघता उभं राहिलं आणि पैसेवाल्यांना पटलं. पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’. सगळे हरिश्चंद्राबद्दल बोलतात. मला त्या कुंडीशेजारी बसून राहिलेला माणूस दिसतो. रोज तीच कुंडी, तेच रोप आणि रोजचं ऊन वेगळं. माझ्याच्यानं दोन तास द्राक्षं सांभाळवत नाहीत, मध्ये तीनदा चहा लागतो.

महिनाभरानं छापलेली पेटी बघायला मिळाली. त्यावर माझा कुठलाच फोटो नव्हता. ना खिडक्यांचा, ना पावडरीचा. बागायतदारांच्या मुलीनं सकाळी सात वाजता बागेत मोबाईलवर काढलेला फोटो होता. वेलीवरचा घड, मागून कोवळं ऊन, कोपऱ्यात ठिबकची नळी. चांगला होता. नळी काढून टाकायला हवी होती. माझं बिल मात्र त्यांनी वेळेवर चुकतं केलं, आणि वर दोन किलो द्राक्षं पाठवली.

त्या दिवशीचा पुसलेला घड आम्ही स्टुडिओतच संपवला होता. पोरानं दोनदा धुतला, तरी काही मणी बोटांना चिकट लागत होते. गोड होते. पण ग्लिसरीनही गोडच असतं.